कुणावर गेलंय लेकरू?

मिनूच्या बालवाडीच्या बाई स्वतःच्या हातांवर बसायच्या. अक्षरशः बसायच्या. खुर्ची असो, सतरंजी असो नाहीतर घराची पायरी, बाई टेकल्या की दोन्ही तळवे मांडीखाली जायचे आणि मगच त्या बोलायला लागायच्या. फॉर्म भरायचा असला, एखाद्याचं नाक पुसायचं असलं की तेवढ्यापुरता एक हात बाहेर यायचा आणि काम झालं की परत आत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना सरत आला होता, वर पत्रा तापलेला, आणि तरी मला वाटलं की बाईंना थंडी वाजत असेल. थकलेल्या माणसाला काहीही वाटतं.

मी तेव्हा फार थकलेली होते. सबब म्हणून सांगत नाही, होते तसं सांगते. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट, नवरा वाळूजला कारखान्यात शिफ्टमध्ये, घरात सासूबाई आणि चार वर्षांची मिनू. मिनू चावायची. हातात येईल ते फेकायची, आणि फेकायला काही उरलं नाही की जमिनीवर डोकं आपटायची. एका वर्षात दोन बालवाड्यांनी तिला हात जोडले होते. पुंडलिकनगरातली ही तिसरी. एका घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याचं शेड, त्याला पाटीसुद्धा नाही. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि पुंडलिकनगरात अजून मोकळे प्लॉट होते. इथूनही काढलं तर मला नोकरी सोडावी लागणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

बाईंनी मुलीचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही. मिनूकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणावर गेलंय लेकरू?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे कुणाचं वळण हाय? घरात असं कुणी होतं का? चावणारं, फेकणारं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, "आमच्यात तसं कुणी नाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "हां, आमचे कन्नड गावचे भाऊजी. त्यांनी लग्नाच्या पंगतीत वाढलेलं ताट फेकलं होतं."

"झालं तर मग. शनिवारी त्यांना घिऊन या," बाई म्हणाल्या. "ज्याच्यावर लेकरू गेलंय त्यानं दर शनिवारी दोन घंटे लेकराशेजारी बसायचं. एवढीच अट. पण चुकीचं माणूस आणू नका. लई जण आणतात, अन् मग लेकराला फायदा होत नाय."

मी फॉर्मवर सही केली. त्या सहीबद्दल पुढं सांगते.

बाईंचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं बाईंच्या बोलण्यात 'तबीयत', 'आदत', 'मिजाज' असले शब्द मिठासारखे असायचे. सकाळी प्रत्येक लेकराला दारातच प्रश्न, "आज मिजाज कसा?" लेकरांनी गरम किंवा थंड एवढंच सांगायचं. जो 'गरम' म्हणेल त्याला बाई खिडकीजवळ, स्वतःच्या हाताच्या अंतरावर बसवायच्या आणि सकाळभर त्याला कुणी डिवचायचं नाही. मिनू रोज 'गरम' सांगायची. खिडकीजवळची जागा तिची ठरूनच गेली.

दुसरी पद्धत 'हात खाली'ची. वर्गात कुणाचा हात कुणावर उठला की बाई आवाज न चढवता म्हणायच्या, "हात खाली." सगळी वीस-बावीस लेकरं झटकन दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची, मारणारा, मार खाणारा आणि नुसता बघणारा, सगळे. मग बाई एक ते वीस म्हणायच्या, तेही फार हळू. पंधराला आल्या की बहुतेकांना आपण कशासाठी बसलोय तेच आठवत नसे.

पालकांशी मात्र त्या हुज्जत घालायच्या, आणि दोन्ही बाजूंनी घालायच्या. एका प्राध्यापक बाईंनी सुनावलं, "अहो, सगळं संस्कारांवर असतं." बाई म्हणाल्या, "मग तुमच्या दोघी पोरी दोन तऱ्हेच्या कशा? एकीला संस्कार कमी पडले का?" आणि एक वडील म्हणाले, "काय करणार बाई, रक्तातच हाय आमच्या," तर त्यांना म्हणाल्या, "मग मामाकडं गेलं की हेच लेकरू शहाण्यावानी का वागतं? बसमध्ये रक्त बदलतं का?" दोघांनाही राग आला. बाईंना कुणाच्या रागाचं काही वाटत नसे, हात मांडीखाली घालून त्या शांत बघत राहायच्या.

शनिवारची बालवाडी बघण्यासारखी असायची. सतरंजीवर लेकरं, आणि लेकरांच्या मधे मधे गुडघे पोटाशी घेतलेली मोठी माणसं. कुणाचा मामा, कुणाची आत्या, कुणाचे आजोबा, सगळी आपापल्या घरात तापट, हट्टी, भांडखोर म्हणून नाव पडलेली. त्यांना काही करायचं नसे. लेकरू रुसलं की आपण त्या वयात काय केलं असतं ते आठवायचं आणि विचारलं तर बाईंना सांगायचं. त्यात एक गादीवाले चाचा होते, कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. नातवाला घेऊन ते पहिल्या दिवशीच आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, ये मेरे पे गया. मैं बी ऐसाच था, माँ के बाल खींचता था. इसके बाप का कुछ कसूर नै." न विचारता. मला त्यांचं नवल वाटलं आणि थोडा रागही आला. असं फडाफडा कुणी सांगतं का?

कन्नडचे काका, म्हणजे माझे चुलतसासरे, आले ते सकाळच्या पहिल्या एसटीनं. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, पिशवीत शेंगा. सत्तरीच्या आसपासचा माणूस, मूलबाळ नाही, बायको वारलेली. त्यांच्या त्या ताट फेकण्याला चाळीस वर्षं झाली होती, पण आमच्या घराण्यात कुणाचा आवाज जरा चढला की 'काकावर गेलास का रे' हे ठरलेलं. ते सतरंजीवर बसताना दोन्ही गुडघे कडकड वाजले आणि लेकरं हसली. काकाही हसले. मिनूनं त्यांच्या पिशवीतल्या शेंगा घेऊन त्यांच्याच टोपीवर फेकल्या, तर त्यांनी एकेक वेचून सोलली आणि दाणे तिच्या पुढ्यात ठेवले. अकरा वाजता मी कचेरीतून सवड काढून न्यायला गेले तर मिनू त्यांच्या मांडीवर झोपली होती.

बसस्टँडवर त्यांना सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, खरं सांगू का? मला कोणी बोलवत नाय कुठं. आता ह्या वयात कळलं, कुणीतरी माझ्यावर गेलंय. लई बरं वाटलं बघ."

मी 'हो' म्हटलं. काय म्हणणार? मला ठाऊक होतं मिनू कुणावर गेलीय ते. सोयगावला, माझ्या माहेरी, आई मला बाजेच्या पायाला लुगड्याच्या काठानं बांधून शेतात कापूस वेचायला जायची, कारण शेजारच्या कुठल्याही घरात मला ठेवून घ्यायला कुणी तयार नसे. मी चार लेकरांना चावले होते. एकाच्या दंडावर अजून वण आहे. हे सासरी कुणाला माहीत नव्हतं, आणि कळलं असतं तर 'आमच्यात तसं कुणी नाय' ह्या वाक्याला कायमचा पुरावा मिळाला असता. म्हणून मी गप्प बसले आणि एका भल्या म्हाताऱ्याला माझ्या जागी एसटीनं हेलपाटे घालायला लावले. तीन शनिवार. आजही हे लिहिताना मला लाज वाटते.

तिसऱ्या शनिवारनंतर बाईंनी मला दारात थांबवलं. "तुमचे काका लई गुणी माणूस हाय," त्या म्हणाल्या. "मी विचारलं त्यांना, ताट कामून फेकलं. तर म्हणाले, पंगतीत एका गरीब पाव्हण्याला उठवलं होतं म्हणून. हे त्या जातीचं तापणं नाय. लेकरू त्यांच्यावर गेलेलं नाय."

"मग कुणावर?" मी विचारलं. हे विचारायची हिंमत मला कुठून झाली कोण जाणे.

"ते तुम्ही सांगायचं," बाई म्हणाल्या.

चौथ्या शनिवारी काकांचे गुडघे धरले म्हणून ते आले नाहीत आणि मला कचेरीतून रजा काढून बसावं लागलं. आदल्या रात्री झोप नव्हती, साहेबांनी एक अहवाल तीनदा टाइप करायला लावला होता. मिनूला खिडकीजवळची जागा हवी होती आणि तिथं चाचांचा नातू बसला होता. तिनं त्याचा दंड धरला आणि चावली. तो किंचाळला. मी तिचं डोकं मागं ओढलं तेव्हा त्याच्या दंडावर दातांची पूर्ण कमान उमटलेली होती आणि एका जागी रक्त.

मी मिनूला मारलं. एक थोबाडीत आणि मग दुसरी. घरी मी तिला मारायची, हे बाईंना माहीत नव्हतं, सासूबाईंना होतं, पण लेकराला मारणं ही तेव्हा सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बाईंचा आवाज आला.

"हात खाली."

त्या माझ्याकडं बघत होत्या. पण लेकरांना ते कसं कळणार? सगळी लेकरं झटकन हातांवर बसली. चाचांचा नातू रडत रडत बसला. मिनू बसली, एक गाल लाल, नाक वाहतंय, दोन्ही हात मांडीखाली. मोठ्या माणसांपैकीही दोघं-तिघं हातांवर बसली. उभी होते ती मी एकटी, हात वर. मग मीही बसले आणि हात खाली घातले. तळव्यांची आग होत होती. बाईंनी एक ते वीस म्हटलं, त्या दिवशी बहुतेक नेहमीपेक्षा हळू. मला पंधराला काही विसरायला झालं नाही.

बाकीचे पालक तेव्हाच बोलायला लागले होते. ही मुलगी इथं नको, आजच काढा. चाचा नातवाच्या दंडाला हळद लावत होते. ते म्हणाले, "रैने दो. मेरा वाला बी परसों किसी को काटा था. आज उसकू मिला." त्यांच्या ह्या वाक्यावर मिनूची ती बालवाडी टिकली.

लेकरं गेल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. मिनू खिडकीजवळ ठोकळे रचत होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. बाई हातांवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला दोन पोरं. धाकट्याला तुम्ही पाह्यलंय, बँकेत हाय. थोरला सुरतेला हाय म्हणतात."

मला थोरला आहे हेच माहीत नव्हतं.

"थोरला जन्मल्यापासनं तापट. अंगावर पिताना चावायचा. धाकटा गरीब, कुठं ठिवला तिथं बसून राह्यचा. लोक म्हणायचे, बघा, एकाच आईची दोन लेकरं. पण आई एक होती कुठं? धाकट्याला मिळाली ती निराळी होती. थोरला तसा होता म्हणून मी मारायची. मी मारायची म्हणून तो आणखी तसा व्हायचा. मंग मी आणखी मारायची. सतरा वर्षं. पहिलं कुणी सुरू केलं, ते मी लई शोधलं. सापडत नाय."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. बाईंनी मिनूच्या ठोकळ्यांकडं पाहिलं.

"शेवटी एक दिवस त्यानं माझा उचललेला हात धरला. पिरगाळला नाय, काय नाय. नुसता धरला, सोडला, अन् निघून गेला. तवापासनं हे दोन्ही मी खाली ठिवते."

मी विचारलं, "मग तुम्ही 'कुणावर गेलंय' असं का विचारता? दोष रक्ताचा की आपला?"

"आपल्याकडं वळण म्हणतात ना," बाई म्हणाल्या. "आजाच्या वळणावर गेलं म्हणतात, तेव्हा ते रक्तातलं. आईनं वळण लावलं नाय म्हणतात, तेव्हा ते घरातलं. दोन्हीला शब्द एकच. जुन्या माणसांना दोन करायची गरज वाटली नाय. मला पण नाय वाटत. मी विचारते ते दोष द्यायला नाय विचारत. ज्याच्यावर लेकरू गेलंय त्याला आतून माहीत असतं, ते डोकं आपटताना कसं वाटतं. त्यानं शेजारी बसलं तर लेकराला सोबत मिळते. अन् त्यानंच मारलं, तर मंग लेकराला कुणीच उरत नाय."

मला रडायला आलं. मी म्हटलं, "बाई, ती माझ्यावर गेलीय."

"व्हय," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच कळलं. फॉर्मवर तुम्ही सही केली, ती खालच्या तीन कोऱ्या फॉर्मांवर उमटली होती. कार्बन नव्हता."

मी हसले. रडता रडता हसू येतं तसं. कचेरीत माझ्या टायपिंगनं कागदाला भोकं पडायची, पूर्णविरामाच्या जागी तर नेहमीच. साहेब म्हणायचे, तुमचा कागद उजेडात धरला की चांदण्या दिसतात.

त्या आठवड्यात मी घरी सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत आणि मग आठवडाभर बोलत होत्या. ते मी सोसलं. अवघड गेलं ते कन्नडला जाऊन काकांना सांगणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मंग आता मी शनिवारी येऊ नको का?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "चुकीचं माणूस हाय, पण चांगलं हाय. येऊ द्या." मग वर्षभर शनिवारी, कचेरीत उशिरा जायची परवानगी काढून, मिनूच्या एका बाजूला मी आणि एका बाजूला काका.

मिनू काही महिन्यांत शहाणी झाली असं सांगायला मला आवडलं असतं. झाली नाही. चावणं वर्षानं थांबलं, फेकणं चौथीपर्यंत चाललं. माझा हातही त्यानंतर दोनदा उठला. दोन्ही वेळा मी बाईंना जाऊन सांगितलं, दोन्ही वेळा त्यांनी एक ते वीस म्हटलं आणि चहा दिला. रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन स्वतःच्या हातांवर बसायचं, हे फार कंटाळवाणं काम आहे. ह्यात मोठेपणा वगैरे काही नसतो. फक्त पुन्हा पुन्हा करायचं असतं, आणि कुणी बघत नसतं.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. बालवाडी त्याआधीच बंद झाली होती, त्या शेडमध्ये मोबाईलचं दुकान आलं. शेवटी शेवटी मी भेटायला जायची तर त्या ओट्यावर तशाच बसलेल्या असायच्या. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, मांडीखाली दुखत असणार, पण बाहेर काढत नसत. दर वेळी एकच प्रश्न. "तुमच्यावर गेलेली कशी हाय?"

त्या गेल्या तेव्हा दहाव्याला थोरला आला होता. मी त्याला ओळखत नव्हते, धाकट्यानं खुणेनं दाखवलं. पन्नाशीचा उंच माणूस, भिंतीशी एकटाच बसलेला, कुणाशी बोलत नव्हता. त्याचे दोन्ही हात मांडीखाली होते. बाईंना ती सवय तो गेल्यानंतर लागलेली. त्याला ती कुणी लावली, हे मला माहीत नाही.

मिनू आता पुण्याला असते. तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी जेवून जरा पडले होते. मागं तो भोकाड पसरून रडत होता आणि काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. मिनू म्हणाली, "आई, पाळणाघरवाल्यांनी बोलावलं होतं. एका मुलीला चावलाय. विचारत होत्या, घरात लहानपणी कुणी असं होतं का."

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न. मी विचारलं, "सासूबाई होत्या सोबत?"

"होत्या ना."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगायचंय त्यात? म्हटलं, मी होते. माझ्यावर गेलाय."

मला जे सांगायला चार शनिवार आणि दोन थोबाडीत लागल्या, ते हिनं सासूसमोर एका दमात सांगून टाकलं होतं. पलीकडं पुन्हा काहीतरी फुटलं. मिनूचा श्वास मला ऐकू आला, तो श्वास मी ओळखते, तो माझाच आहे.

"मिनू," मी म्हटलं, "फोन ठेव आधी, आणि त्याच्याजवळ जाऊन बस."

"बसलेय गं," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर आहे. हात मांडीखाली आहेत. बारापर्यंत आलेय, तू मध्ये बोलू नकोस."